पिवळा बेडूक रंकाळ्यात नाही, डबक्यात शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फुलेवाडी रिंगरोडच्या आतल्या अंगाला तुमचं घर आहे, वडिलांच्या काळात तिथं ऊस होता. लहानपणी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात रानात साठलेल्या पाण्यात हळदीसारखे पिवळे बेडूक रात्रभर ओरडायचे. मध्ये कितीतरी वर्षं ते दिसले नाहीत. यंदा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या खड्ड्यातून पुन्हा तोच आवाज आला. दिवाळीनंतर तिथं बांधकाम सुरू होणार आहे. तर हा बेडूक कोल्हापुरातून संपत आलाय का, तो नेमका कुठं कुठं राहतो, आणि खड्ड्यातले बेडूक पकडून रंकाळ्यात सोडले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पावसाळ्यात हा विचार पुष्कळांच्या मनात येतो आणि चांगल्या मनानं येतो. रंकाळ्यात सोडू नका. कळंब्यात नको, राजाराम तलावात नको, विहिरीत तर अजिबात नको. या बेडकाला तलाव लागत नाही. त्याला लागतं ते आटणारं पाणी. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की पंचगंगेच्या खोऱ्यात तो कुठं आहे आणि कुठं नाही हे आपोआप उलगडत जातं.

आधी ओळख पक्की करू. तुम्ही सांगताय तो इंडियन बुलफ्रॉग, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. ज्यांनी पूर्वी बारावीला किंवा कॉलेजात प्राणीशास्त्राची प्रॅक्टिकल्स केली, त्यांनी हाच बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून बघितलाय. तेव्हा त्याचं नाव राना टायग्रिना होतं. आपल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या बेडकांपैकी हा एक, पूर्ण वाढलेला तळहातात मावत नाही. वर्षाचे अकरा महिने तो हिरवट-तपकिरी असतो, पाठीवर लांबट घड्या असतात आणि बऱ्याच जणांच्या पाठीच्या मधून एक फिकी रेघ जाते. प्रजननाच्या चार दिवसांत फक्त नर पिवळाजर्द होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. मादी तशीच मातकट राहते. त्यामुळं ‘पिवळे बेडूक गेले’ असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मी आधी विचारतो, तुम्ही जूनच्या कुठल्या रात्री बघितलं? पिवळेपणा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. जुलैत तोच बेडूक तुमच्या पायाजवळून उडी मारून गेला तरी तुम्ही त्याला ओळखणार नाही. मी इथं तुमचाच शब्द ठेवतो, पिवळा बेडूक.

रंकाळ्याच्या कडेला जो बेडूक बारा महिने दिसतो तो हा नव्हे. फक्त डोळे वर ठेवून पाण्यात तरंगणारा आणि चाहूल लागली की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत पळणारा तो वेगळा, युफ्लिक्टिस प्रजातीतला. त्याला कायमचं पाणी चालतं, घाण पाणीही बऱ्यापैकी चालतं, जलपर्णीच्या पानांवर तो आरामात बसतो. बाथरूमच्या खिडकीत, पाण्याच्या टाकीवर चिकटलेला दिसतो तो पॉलिपेडेटस, झाडावरचा बेडूक. त्याची मादी पाण्याच्या वर फेसाचं घरटं करते, म्हणून सिमेंटची टाकीसुद्धा त्याला पुरते. रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला खरबरीत अंगाचा असतो तो भेक. या तिघांनी शहराशी जमवून घेतलंय. पिवळ्या बेडकाला ते जमलेलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या पिल्लांच्या पहिल्या दीड महिन्यात आहे.

रोहिणीत एखाददुसरा वळीव पडतो, जमीन भिजते, पण पाणी साठत नाही. मृग निघाला आणि एका रात्रीत दणकून पाऊस झाला की जमिनीत आठ महिने दडून बसलेले बेडूक वर येतात आणि नवं, उथळ, गवत बुडालेलं पाणी शोधतात. नर एकत्र जमून ओरडतात. एक-दोन रात्रींत सगळं उरकतं. मादी काही हजार अंडी गवताच्या काड्यांच्या आसऱ्यानं घालते. दिवस-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण पाच-सहा आठवड्यांत पाय फुटून, शेपूट जिरून जमिनीवर येतात.

नव्या पाण्यात मासे नसतात, हे त्यातलं खरं मर्म आहे. तलावात मासे असतात, आणि बेडकाची अंडी-पिल्लं म्हणजे माशांना आयतं खाणं. आता तर तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर जिथं तिथं पोचलेत. डास मारायला म्हणून सोडलेले गप्पी मासे छोट्या साठ्यांतही असतात. या बेडकाची पिल्लं स्वतः शिकारी असतात. ती डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, पाणी आटायला लागलं आणि दाटी झाली की एकमेकांनाही खातात. पण ही ताकद डबक्यात चालते. मोठ्या माशापुढं तिचा काही उपयोग नाही. म्हणून निसर्गात त्यानं निवडलेली जागा अगदी बारीक मापाची आहे. पाणी दीड महिना टिकलं पाहिजे, आणि मासे टिकतील इतका काळ टिकता कामा नये. दहा दिवसांत आटणारं डबकं पिल्लांना वाळवून मारतं. वर्षभर भरलेला तलाव त्यांना माशांच्या तोंडी देतो.

दुसरी गरज जमिनीची. पाऊस सरला की मोठा बेडूक मऊ, ओलसर मातीत स्वतःला गाडून घेतो आणि उन्हाळा तिथं काढतो. ती माती डबक्यापासून फार लांब नसावी आणि मध्ये त्याला ओलांडता न येणारी भिंत, गटार किंवा धावता रस्ता नसावा. डबकं, माती आणि दोघांमधली वाट, या तिन्हींपैकी एक जरी गेलं तरी त्या जागेचा बेडूक जातो. मात्र लगेच जात नाही. मोठे बेडूक काही वर्षं जगतात, जूनमध्ये येऊन ओरडतातही, फक्त पिल्लं होत नाहीत. माझ्या मते शहरातल्या पुष्कळ ‘अजून आहेत की’ म्हणणाऱ्या जागा अशा म्हाताऱ्या बेडकांच्या आहेत. आवाज ऐकू आला म्हणजे वस्ती जिवंत आहे असं मी धरत नाही. ऑगस्टमध्ये कडेच्या गवतात बोटाच्या पेराएवढी पिल्लं उड्या मारताना दिसली तरच धरतो.

आता खोऱ्यात उतरू. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला पूर्ण होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडं त्याच्याही निम्म्यावर. एवढ्याशा अंतरात पावसाचा इतका उतार फार थोड्या ठिकाणी सापडेल. त्याबरोबर मातीही बदलते. पश्चिमेला जांभा, पाणी झिरपून जाणारा. मध्ये तांबूस-करड्या माळाच्या आणि खाचरांच्या जमिनी. नदीकाठाला आणि पूर्वेला काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी माती.

लोक मला विचारतात की पश्चिमेला जंगल आहे, म्हणजे तिकडं हा बेडूक जास्त असणार ना? तसं नाही. दाजीपूर-राधानगरीच्या रानात आणि घाटमाथ्यावर बेडकांच्या जाती भरपूर आहेत, पण त्या निराळ्या. वाहत्या झऱ्यात राहणाऱ्या, पालापाचोळ्यात राहणाऱ्या, झुडपावर अंडी घालणाऱ्या. तिथून थोडं दक्षिणेला, सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या कातळावरचा झँथोफ्रायने टायगेरिना हा भेक तर २००९ मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि जगात त्या एवढ्याशा पट्ट्यापुरताच माहीत आहे. पिवळा बेडूक त्यांच्यासारखा दुर्मिळ नाही. पाकिस्तानपासून बांगलादेश-म्यानमारपर्यंत तो पसरलाय आणि माणसानं त्याला अंदमानात नेलं, तिथल्या प्राण्यांना तर तो डोईजड झालाय. तो दाट रानाचा नाही. सपाट, उघड्या, शेतीच्या आणि गवताच्या जमिनीचा आहे. म्हणजे नेमका तिथं, जिथं माणसाला प्लॉट पाडायचे असतात.

त्यामुळं आपल्या खोऱ्यात त्याची खरी पेठ आहे ती करवीर-पन्हाळ्याच्या सखल भागातली भाताची खाचरं, नदीकाठची मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची रानं आणि त्यांच्यामधले ओढ्यांचे पसरट काठ. खाचर त्याला सगळ्यात मानवतं. बांध घातलेलं, उथळ, कडेला गवत. एक अडचण तिथंही आहे. पहिल्या पावसात अंडी पडतात आणि तरवा (भाताची रोपं) लावायच्या आधी चिखलणीला ट्रॅक्टर फिरतो तो नेमका पिल्लं अर्धी वाढलेली असताना. बैलाच्या औतानं कोपरे सुटायचे. रोटर कोपरा सोडत नाही. जिथं खाचराच्या वरच्या अंगाला एखादी न नांगरलेली चर किंवा पाणथळ कोपरा शिल्लक आहे, तिथंच ऑगस्टमध्ये पिल्लं दिसतात, असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

उसाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ऊस मोठ्या बेडकाला चांगला पोसतो. सावली, ओल, उंदीर, किडे, आणि उन्हाळ्यातही पाटाचं पाणी. पाचट न जाळता ठेवलेल्या रानात तर फारच. पण ऊस त्याला पाळणा देत नाही. सरीतलं पाणी जिरतं, निचऱ्यासाठी मुद्दाम चर काढून बाहेर घालवलं जातं, आणि ठिबकवर गेलेल्या रानात तर साठतच नाही. त्यात तणनाशक मारल्यावर पहिल्या पावसाचं पाणी ज्या सखल कोपऱ्यात उतरतं, तोच कोपरा बेडकानं निवडलेला असतो. तेव्हा उसाच्या पट्ट्यात बेडूक दिसला की मी शोध घेतो, याचं जन्माचं पाणी कुठं आहे? आणि उत्तर बहुतेक वेळा उसाच्या बाहेर सापडतं.

ते उत्तर पुष्कळदा वीटभट्टीचा खड्डा असतं. नदीकाठच्या गाळवट मातीवर आपल्याकडं वीटभट्ट्या चालतात. उन्हाळाभर माती काढतात, पावसाला काम थांबतं आणि ते पसरट, उथळ खड्डे भरून जातात. तळ चिकण, म्हणून पाणी धरतं. मार्च-एप्रिलपर्यंत कोरडं ठाक, म्हणून मासे नाहीत. कडा एका बाजूला तरी उतरत्या, कारण ट्रॉली आत न्यायला वाट केलेली असते. माणसानं हे बेडकासाठी केलेलं नाही, तरी त्याच्या मापाचं ते तंतोतंत उतरलंय. माझ्या वहीतल्या जुन्या नोंदींत सगळ्यात दणदणीत आवाजाच्या रात्री अशाच खड्ड्यांवरच्या आहेत. खड्डा फार खोल गेला, कडा उभ्या झाल्या आणि पाणी वर्षभर राहायला लागलं, की दोन-तीन वर्षांत त्यात मासे येतात आणि आवाज बंद पडतो.

शहराच्या पोटात शिरलं की चित्र वेगळं होतं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साठतं, जमिनीचा उतार आपली जुनी जागा सोडत नाही. पण मला वाटतं, पिवळ्या बेडकाचं नुकसान तळी बुजली म्हणून जेवढं झालं, त्याहून जास्त तळ्यांच्या वरचा, पाणी रेंगाळण्याचा पसारा गेला म्हणून झालं. तळ्याचं मधलं खोल पाणी त्याचं कधीच नव्हतं. पावसाळ्यात तळं फुगलं की कडेच्या गवतात जे वीतभर पाणी चढायचं, ते त्याचं होतं. रंकाळ्याचंच बघा. तटाकडची बाजू दगडी, उभी. तिथं त्याला काही नाही. मागच्या बाजूचा परताळा, पाणथळ गवत आणि पुढची शेतं, ही त्याची बाजू. कळंब्यालाही भिंतीकडं बघू नका, कात्यायनीकडून पाणी येतं त्या वरच्या अंगाला बघा. कुठल्याही तलावाला ‘सुशोभीकरण’ म्हणून चारी बाजूंनी काँक्रीटचा काठ आणि फिरायला ट्रॅक झाला, की तलाव राहतो आणि त्याची ही ओलसर कड संपते. लोकांना तलाव पूर्वीपेक्षा नीटनेटका दिसतो, म्हणून काय गेलं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमचा रिंगरोडचा पट्टा या सगळ्यात फार महत्त्वाचा आहे. महापालिका १९७२ साली झाली, हद्द कागदावर वर्षानुवर्षं तीच राहिली आणि शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी असं चहूकडं सांडत गेलं. रान एनए (बिगरशेती) झालं, प्लॉट पडले, पण सगळ्या प्लॉटवर एकदम घरं येत नाहीत. पाच-दहा वर्षं मध्ये मध्ये मोकळे तुकडे राहतात. पाया खणून अर्धवट सोडलेला खड्डा, मुरूम काढलेली जागा, नव्या रस्त्याच्या भरावानं अडलेलं पावसाचं पाणी. या मधल्या काळात तिथं डबकी उलट वाढतात. म्हणून तुम्हाला मध्ये काही वर्षं आवाज आला नाही आणि यंदा आला, यात मला आश्चर्य वाटत नाही. वडिलांच्या रानातले बेडूक, किंवा त्यांची पुढची पिढी, आसपासच्या उरल्यासुरल्या उसात-बांधात तग धरून असणार. शेजारच्या खड्ड्यानं त्यांना पुन्हा पाणी दिलं. पण ही चार दिवसांची सोय आहे. शेवटचा मोकळा प्लॉट भरला, पेव्हिंग ब्लॉक बसले, दोन्ही बाजूंना उभ्या भिंतीची गटारं झाली, की तिथला बेडूक संपतो. अशी उभ्या काठाची गटारं मी फार वाईट समजतो. भेक आणि पिवळा बेडूक त्यात पडतात, बाहेर चढता येत नाही, आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर थेट जयंती नाल्यात जातात.

आता पुराचं. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी त्रेचाळीस असताना. पूर ओसरल्यावर कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्यावर मोठे बेडूक आले, आणि ‘पुरानं बेडूक आणले’ असं लोक म्हणायला लागले. मोठ्या बेडकांना पूर इकडून तिकडं नेतो हे खरं. पण वस्ती टिकते की जाते हे पिल्लांवर ठरतं, आणि तिथं तारखा बघाव्या लागतात. मृग साधारण ८ जूनला निघतो. त्या आठवड्यात अंडी पडली तर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लं पाण्याबाहेर आलेली असतात. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला. २०२१ चा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. म्हणजे वेळेवर पाऊस झालेल्या वर्षी पूर येईपर्यंत बरीचशी पिल्लं चालायला लागलेली असतात. मृग कोरडा गेला आणि अंडी जुलैत पडली, तर मात्र नदीचं पाणी डबक्यात शिरतं, बरोबर मासे घेऊन येतं आणि त्या वर्षाची पिढी धुतली जाते. पावसाची सुरुवात किती पुढं सरकते, हे म्हणूनच मी पुराच्या उंचीइतक्याच काळजीनं लिहून ठेवतो. पुराच्या पट्ट्यात घातलेल्या भरावांचा प्रश्न निराळा. भराव पडला की त्याखालची मळीची जमीनच जाते, मग तारखा जुळोत न जुळोत.

संपत आलाय का, याचं सरळ उत्तर असं की खोऱ्यातून नाही, शहरातून हो. जात म्हणून त्याला आज धोका नाही. एके काळी होता, तोही वेगळ्या कारणानं. परदेशात बेडकाच्या तंगड्यांना मागणी होती आणि आपल्या देशातून त्या टनांनी जायच्या. १९८५ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि १९८७ मध्ये भारतानं निर्यातच बंद केली. कॉलेजातलं विच्छेदनही पुढं थांबलं. पकडण्याचा ताण असा हलका झाला, तेवढ्यात जागेचा ताण वाढला. करवीरच्या पश्चिमेच्या खाचरांत तुम्ही मृगाच्या रात्री गेलात तर शेजारी उभ्या माणसाशी बोलता येणार नाही इतका आवाज ऐकाल. शहराच्या जुन्या पेठांत तुम्हाला तो ऐकू येणार नाही. या दोन टोकांच्या मधला पट्टा, म्हणजे तुमचा भाग, दर वर्षी सरकतोय. नकाशा काढण्यासारखा आहे तो हाच पट्टा.

नकाशाबद्दल एक सावधगिरी. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी टाकतात त्या साइटवर कोल्हापूरच्या बेडकांचे ठिपके बघितले तर ते शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आणि मोठ्या रस्त्यांलगत दाटलेले दिसणं साहजिक आहे. विद्यापीठाचं आवार मोठं आहे, आत तळी आहेत, गवत आहे, बेडूक आहेतच. पण तिथं कॅमेरा घेऊन फिरणारी मुलंही आहेत. आंबेवाडी-वडणग्याच्या मळीत रात्री अकरा वाजता कुणी फोन घेऊन उभं नसतं, म्हणून तिथं ठिपका नाही. ठिपका नसणं म्हणजे बेडूक नसणं नव्हे. तुम्ही आवाज आला नाही अशाही रात्री लिहून ठेवा: तारीख, वेळ, पाऊस किती तासांपूर्वी झाला, पाणी किती खोल, काही ऐकू आलं नाही. एकाच जागी पावसानंतरच्या तीन वेगवेगळ्या रात्री जाऊन काही मिळालं नाही, आणि त्याच रात्री दुसरीकडं आवाज होता, तर मग ‘इथं नाही’ म्हणायला जरा बळ येतं. फोनवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरतं. बॅटरीचा झोत थेट मारू नका. बेडूक हातात घेऊ नका, आणि एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना चिखलाचे बूट धुऊन, वाळवून घाला. बेडकांमध्ये कातडीचा बुरशीरोग असतो, तो ओल्या चिखलातूनही जातो.

आता तुमच्या शेजारच्या खड्ड्याचं. दिवाळीपर्यंत पाणी आटेल, पिल्लं पांगतील आणि मोठे बेडूक जमिनीत जातील. म्हणजे जेसीबी येईल तेव्हा बेडूक पाण्यात नसतील, पण त्याच प्लॉटच्या मातीत असू शकतील. तेव्हा पकडून लांब नेण्यानं काही साधत नाही. नवी जागा त्याला माहीत नसते, पुढच्या मृगाला तो जुन्या दिशेनं निघतो आणि रस्त्यावर मरतो. शिवाय हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेतला प्राणी आहे, मनानं पकडून हलवायचा नाही. खुदाईत बेडूक निघालाच तर तो मेलेला नाही, सुस्त आहे, हे कामगारांना आधीच सांगून ठेवा. त्याच आवाराच्या कडेला सावलीतल्या भुसभुशीत ओल्या मातीवर त्याला ठेवलं की तो स्वतः आत जातो. मोठ्या संख्येनं निघाले तर वनखात्याला फोन करा.

जागा करायची असेल तर तुमच्या स्वतःच्या आवारात करा, आणि ती मे महिन्यात तयार पाहिजे. दहा बाय पंधरा फूट जागा असली तरी चालते. मध्ये दीड-दोन फूट खोल, एक बाजू हळूहळू उतरती, इतकी की बेडकाच्या इवल्याशा पिल्लाला चालत बाहेर येता यावं. तळाला प्लास्टिक नको, सिमेंट नको. काळी चिकण माती ओली करून पायानं तुडवून घ्या. छताचं पावसाचं पाणी त्यात सोडा. गवत वाढू द्या. मासे टाकू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी गप्पीसुद्धा नको. कंपाउंडच्या भिंतीला जमिनीलगत एक-दोन विटांएवढी भोकं ठेवा, नाहीतर आत यायला वाटच राहत नाही. समोरच्या गटारात दर थोड्या अंतरावर एखादा तिरका दगड किंवा विटांचा उतार टाका. जानेवारीत खड्डा कोरडा पडला तर घाबरून टँकर मागवू नका, त्यानं कोरडं पडलंच पाहिजे.

शेजारी डासांची तक्रार करतील. त्यांना जूनच्या अखेरीस टॉर्च घेऊन बोलवा आणि पाण्यात दाखवा. बेडकाची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पाणकिडे, सगळे डासांच्या अळ्यांवर जगतात. डेंग्यूचा डास वाढतो तो गच्चीवरच्या उघड्या पिंपात, टायरात, कुंडीखालच्या बशीत, जिथं खाणारं कुणी नसतं. गल्लीत आधी ती पिंपं झाकून घ्या.

यंदाच्या पावसाळ्यात अजून एक काम तेवढं करा. त्या खड्ड्यापासून तुमच्या घराभोवती अर्ध्या किलोमीटरमध्ये कुठं ऊस शिल्लक आहे, कुठं न नांगरलेला बांध आहे, कुठं ओढा उघडा आहे आणि कुठं पाइपात गेलाय, हे एका कागदावर काढा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठनंतर खड्ड्याच्या कडेच्या गवतात हळू चालत पेराएवढी पिल्लं दिसतात का बघा, आणि दिसली तर ती कुठल्या बाजूला सरकतायत ते त्या कागदावर बाणानं दाखवा. तुमच्या आवारातली भोकं त्याच बाजूच्या भिंतीला पाडायची.